गोठताना पाणी कुठे गेलं? ध्रुवीय मातीच्या ताकदीबद्दल एक सविस्तर उत्तर

प्रश्न पुण्यात जिओटेक्निकलमध्ये एम.टेक. करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "गोठलेल्या मातीची ताकद काँक्रीटच्या जवळपास जाते असं वाचलं. मग ध्रुवीय भागात रस्ते आणि इमारती खचतात का? गोठण्या-वितळण्याच्या फेऱ्यांनी मातीत नेमकं काय बदलतं? आणि प्रोजेक्टसाठी नमुने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये दहा वेळा गोठवले-वितळवले तर चालेल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. प्रयोग होईल, आकडेही मिळतील, पण ध्रुवीय मातीबद्दल त्यातून फारसं कळणार नाही. असं का, ते उलगडत गेलं की बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं वाटेत मिळतीलच.

वीसेक वर्षं मी गोठलेल्या मातीवर काम करते आहे, निम्मा काळ कोल्ड रूममध्ये आणि निम्मा नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या व उत्तर कॅनडातल्या साइटवर. कुठल्याही जागेचा अहवाल हातात आला की मी दोनच गोष्टी शोधते. गोठताना पाणी कुठून कुठे गेलं? आणि वितळताना त्याला बाहेर पडायला वेळ मिळाला का? मातीची ताकद, खचणं, उचललं जाणं, उतार घसरणं हे सगळं या दोन प्रश्नांतून निघतं.

आधी एक गैरसमज दूर करू. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि म्हणून जमीन उचलली जाते, असं शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. हिशेब करून पाहा. जमिनीत ४० टक्के पोकळी आहे आणि ती पूर्ण पाण्याने भरलेली आहे असं धरा. ४० टक्क्यांचे ९ टक्के म्हणजे ३.६ टक्के. एक मीटर जाडीचा थर पूर्ण गोठला तरी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर वर यायला हवा. प्रत्यक्षात बारीक मातीची जमीन एका हिवाळ्यात दहा सेंटिमीटर आणि त्याहूनही जास्त उचलली गेलेली मी मोजली आहे. बाकीचं कुठून आलं?

याचं उत्तर अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाचे भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९२९-३० मध्येच दिलं होतं. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरलं. बेंझीन गोठताना आकसतं. तरीही माती वर उचलली गेली. म्हणजे उचलणारी गोष्ट गोठणाऱ्या द्रवाचं फुगणं नव्हे. खालून नवा द्रव गोठणाऱ्या थराकडे ओढला जातो आणि तिथे साचून गोठतो. मला हा प्रयोग या शास्त्रातला सगळ्यात देखणा वाटतो. शंका एकच होती आणि एका प्रयोगात ती कायमची मिटली.

हे ओढणं होतं कसं? मातीचं तापमान शून्याखाली गेलं म्हणून सगळं पाणी एकदम गोठत नाही. कणांच्या पृष्ठभागाला चिकटलेला पातळ थर आणि बारीक छिद्रांतलं पाणी द्रवच राहतं. चिकणमातीत उणे दोन अंशालाही बरंच पाणी द्रव असतं, स्वच्छ वाळूत जवळजवळ नसतं. या न गोठलेल्या पाण्यात बर्फाच्या शेजारी प्रचंड सक्शन, म्हणजे पाणी खेचून घेणारा ओढा, तयार होतं. सिद्धांताप्रमाणे शून्याखालच्या प्रत्येक अंशाला सुमारे १.२ मेगापास्कल, म्हणजे १२० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतकं. विहिरीच्या काठावर बसवलेला सक्शन पंप दहा मीटरच्या वर पाणी ओढू शकत नाही, हे आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असतं. त्या तुलनेत हा ओढा काय असेल याची कल्पना करा.

पण नुसता ओढा पुरत नाही, पाण्याला वाटही लागते. वाळूत वाट मोकळी असते, ओढा नसतो. घट्ट चिकणमातीत ओढा भरपूर, पण वाट इतकी अरुंद की हिवाळा संपेपर्यंत थोडंच पाणी पोचतं. मधल्या सिल्टमध्ये, म्हणजे वाळूपेक्षा बारीक पण चिकणमातीपेक्षा भरड गाळमातीत, दोन्ही असतं, म्हणून सगळ्यात जास्त त्रास सिल्टचा. आर्थर कासाग्रांदे यांनी १९३१ मध्ये दिलेला ठोकताळा आजही वापरात आहे: वेगवेगळ्या आकाराचे कण असलेल्या मातीत ०.०२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण ३ टक्क्यांहून जास्त असतील तर ती माती गोठताना उचलली जाण्याचा धोका धरायचा. फक्त तीन टक्के! दिसायला छान खडी-वाळू असलेला भराव यामुळेच दगा देतो.

आता हे जवळून पाहू. कोल्ड रूममध्ये ॲक्रिलिकच्या पारदर्शक नळीत सिल्टी मातीचा नमुना उभा केलेला आहे. वरची प्लेट उणे पाच अंशावर, खालची अधिक एकवर. तळाला बारीक नळीने पाण्याची मोजणी-बाटली जोडली आहे. पहिले काही तास बाटलीतली पातळी उलट किंचित वर चढते. गोठण्याची रेषा भरभर खाली येत असते, पाणी जागच्या जागी गोठून फुगतं आणि उरलेलं तळातून बाहेर ढकलतं. मग रेषेचा वेग मंदावतो, पातळी थांबते आणि उतरायला लागते. इथून खरी गोष्ट सुरू होते. दुसऱ्या दिवशी नळीच्या भिंतीवर केसाइतक्या बारीक काळपट रेघा दिसतात, आडव्या, एकाखाली एक. काळपट, कारण तो स्वच्छ बर्फ असतो. खाली जाल तशा रेघा जाड होतात आणि त्यांच्यातलं अंतर वाढतं. रेषा जिथे स्थिरावते तिथे शेवटची रेघ बोटाच्या पेराएवढी जाड होऊ शकते. यांना आम्ही आइस लेन्स म्हणतो. नमुना बाहेर काढून करवतीने उभा कापला की दोन लेन्समधली माती हाताला लागते, आणि ती कोरडी व घट्ट असते. नखाने ओरखडा उमटत नाही. तिचं पाणी लेन्सने ओढून घेतलेलं असतं.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की मातीच्या दृष्टीने गोठणं म्हणजे वाळणंच. एप्रिलमध्ये मराठवाड्यातलं काळ्या मातीचं रान आठवा. पाणी गेल्यामुळे माती आकसते, बहुकोनी भेगा पडतात आणि दोन भेगांमधलं ढेकूळ दगडासारखं होतं. आर्क्टिकमधली चिकणमाती गोठते तेव्हा तिच्या आत, बर्फाच्या सोबतीने, तेच घडतं. एक मोठा फरक मात्र आहे. आपली काळी माती पाऊस पडला की पुन्हा फुगते, कारण तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट भरपूर असतं. हिमनद्यांनी खडक दळून केलेल्या मातीत फुगणारं खनिज बहुतेक ठिकाणी फार थोडं असतं. त्यामुळे बर्फ वितळला तरी आकसलेली ढेकळं पूर्वीइतकी फुगत नाहीत आणि त्यांच्यामधल्या फटी तशाच राहतात.

एडविन चेंबरलेन आणि अँथनी गाऊ यांनी १९७९ मध्ये हे नीट मोजून दाखवलं. गोठवून वितळवलेल्या बारीक मातीत पोकळीचं प्रमाण घटलं, म्हणजे माती अधिक घट्ट झाली, आणि तरीही तिच्यातून उभ्या दिशेने पाणी जाण्याचा वेग वाढला, चिकणमातीत तर शंभर पटींपर्यंत. पुस्तकी नियमाने घट्ट मातीतून पाणी कमी जायला हवं. इथे ढेकळं घट्ट आणि फटी मोकळ्या, म्हणून दोन्ही एकाच वेळी खरं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये नुसती डेन्सिटी मोजलीत तर निम्मीच गोष्ट हाती लागेल.

फेऱ्यांनी माती कमकुवत होते की मजबूत, असा सरसकट प्रश्न म्हणूनच चुकतो. सैल माती फेऱ्यांनी घट्ट होते आणि नीट दाबून बसवलेली माती सैल होते. दोन्ही मधल्या कुठल्यातरी एका स्थितीकडे सरकतात. स्वीडनमध्ये पीटर विक्लांडर यांनी १९९० च्या दशकात हिमनदीच्या मातीवर हे दाखवलं. रस्त्याच्या कामात आपण ऑप्टिमम मॉइश्चरला, म्हणजे माती सगळ्यात घट्ट दाबली जाईल इतक्या ओलाव्याला, रोलर फिरवून ९५ टक्के डेन्सिटी गाठतो, बिल पास होतं आणि समाधान मानतो. गोठणाऱ्या प्रदेशात ती मेहनत पहिल्या दोन-तीन हिवाळ्यांत बरीचशी वाया जाते. रेझिलियंट मॉड्युलस, म्हणजे चाकाच्या भाराखाली दबून परत येण्याचा कणखरपणा, वितळल्यावर निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येऊ शकतो. सगळ्यात मोठी घसरण पहिल्या फेरीत दिसते आणि पुढे वक्ररेषा सपाट होत जाते.

आता "काँक्रीटइतकी ताकद" या विधानाकडे. पाण्याने भरलेली वाळू उणे दहा अंशाला गोठवून कॉम्प्रेशन टेस्ट घेतली तर दहा मेगापास्कलच्या वर आकडा सहज मिळतो. एम-२० काँक्रीटचा वीस असतो, म्हणजे तुलना अगदीच चुकीची नाही. पण त्या आकड्यामागे तीन अटी लपलेल्या असतात: तापमान, वेळ आणि मीठ. उणे दहाचं उणे एक झालं की जमीन गोठलेलीच असते, मात्र ताकद कितीतरी खाली आलेली असते, विशेषतः बारीक मातीत, कारण द्रव पाण्याचे थर जाड होतात. इमारतीला धोका व्हायला माती वितळावीच लागत नाही. उणे चारची उणे दीड झाली की पाइल, म्हणजे जमिनीत खोल रोवलेले पायाचे खांब, हळूहळू बसायला लागतात. कागदावर मात्र जमीन पर्माफ्रॉस्टच असते, कारण सलग दोन वर्षं शून्य किंवा त्याखाली असलेली जमीन एवढीच पर्माफ्रॉस्टची व्याख्या आहे.

दुसरी अट वेळेची. बर्फ पटकन मारलेला घाव सोसतो, कायमचा भार सोसत नाही, अगदी थोड्या भारालाही तो हळूहळू वाहतो. हिमनद्या चालतात त्या याच गुणामुळे. बर्फाने बांधलेली मातीही तशीच. दहा मिनिटांच्या टेस्टमध्ये मिळालेली ताकद आणि तीस वर्षं टिकणारी ताकद यांत इतकं अंतर असतं की पहिल्या आकड्यावर पाया डिझाइन करणं गुन्हा ठरावा. सायबेरियात येनिसेई नदीकाठच्या इगार्का गावी १९३० च्या दशकात पर्माफ्रॉस्टच्या पोटातच प्रयोगशाळा खोदली गेली आणि सोव्हिएत संशोधकांनी तिथे गोठलेल्या मातीवर दीर्घकाळ भार ठेवून हा क्रीप, म्हणजे भाराखालचं हळूहळू वाहणं, मोजला. आज आपण ज्या सूत्रांवर विसंबतो त्यांची मुळं तिथे आहेत.

तिसरी अट मिठाची, आणि ती फार जण विसरतात. स्वालबार्डच्या लाँगिअरब्येनजवळच्या ॲडव्हेंटडालेन खोऱ्यातली माती एकेकाळी समुद्राखाली होती. तिच्यात मीठ आहे. कुल्फीवाला मडक्यातल्या बर्फात मीठ का घालतो? खारं पाणी शून्याच्या बरंच खाली द्रव राहतं म्हणून. या मातीत तेच होतं. शुद्ध पाणी आधी बर्फ बनतं, मीठ उरलेल्या पाण्यात साठत जातं आणि ते पाणी आणखीच गोठेनासं होतं. थर्मामीटर उणे तीन दाखवतं, आणि ड्रिलमधून निघालेला गाभा अंगठ्याने दाबला तर दबतो. पहिल्यांदा अनुभव आला तेव्हा मला थर्मामीटर बिघडल्याची शंका आली होती. तेव्हापासून किनाऱ्याजवळच्या प्रत्येक जागेवर क्षाराची तपासणी केल्याशिवाय मी ताकदीचा आकडा देत नाही.

आता वितळणं. माझ्या मते सगळ्या विषयात हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

लेन्स वितळल्या की जमिनीत तिच्या गरजेपेक्षा जास्त पाणी मोकळं होतं. खाली अजून गोठलेला थर आहे, तिकडे वाट नाही. पाणी वरूनच जाऊ शकतं. वरच्या मातीचा भार तोवर त्या पाण्यावर येतो, पोअर प्रेशर (छिद्रांतल्या पाण्याचा दाब) वाढतं, इफेक्टिव्ह स्ट्रेस (कणांचा एकमेकांवरचा दाब) घटतो, आणि शिअर स्ट्रेंथ, म्हणजे घसरण्याला विरोध करण्याची ताकद, इफेक्टिव्ह स्ट्रेसवर उभी असते हे तुम्हाला ठाऊकच आहे. इथे शर्यत लागलेली असते. एकीकडे वितळण्याची रेषा खाली सरकत नवं पाणी मोकळं करते, दुसरीकडे कन्सॉलिडेशनने, म्हणजे माती भाराखाली हळूहळू दबत जाऊन, पाणी बाहेर पडत असतं. कॅनडात नॉर्बर्ट मॉर्गनस्टर्न आणि जे. एफ. निक्सन यांनी १९७१ मध्ये ही शर्यत एका गुणोत्तरात बसवली. वितळण्याची खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. त्या वाढीच्या सहगुणकाला सीव्हीच्या, म्हणजे मातीतून पाणी किती लवकर बाहेर पडतं ते सांगणाऱ्या कन्सॉलिडेशन गुणांकाच्या, वर्गमुळाच्या दुपटीने भागायचं, म्हणजे हे गुणोत्तर, आर, मिळतं.

आकडे घालून पाहा. शंभर दिवसांच्या उन्हाळ्यात एक मीटर वितळतं असं धरू. सीव्ही वर्षाला ३० चौरस मीटर असेल, म्हणजे वाळूकडे झुकणारी सिल्ट, तर आर येतो सुमारे ०.१७. मातीच्या स्वतःच्या, पाण्यात बुडालेल्या अवस्थेतल्या वजनापैकी फक्त सहा टक्के भार जास्तीच्या पाण्यावर, काळजी नाही. सीव्ही ३ असेल तर आर ०.५५ आणि पाण्यावरचा भार ३८ टक्के. सीव्ही ०.३ असेल, म्हणजे चिकणमाती, तर आर १.७ आणि पाण्यावरचा भार ८५ टक्के. उन्हाळा तोच, उष्णता तीच, आणि तिसऱ्या मातीत कणांना एकमेकांवर टेकायला जेमतेम १५ टक्के वजन उरलं.

हेच उतारावर लावा. फ्रिक्शन अँगल (कणांमधल्या घर्षणाचं माप) २८ अंश, माती पाण्याने भरलेली, पाणी उताराला समांतर वाहतं आहे. जास्तीचं पोअर प्रेशर नसेल तर असा उतार सुमारे १५ अंशांपर्यंत टिकतो. ८५ टक्के भार पाण्यावर असेल तर मर्यादा दोन-सव्वादोन अंशांवर येते. दोन अंश म्हणजे डोळ्यांना सपाट वाटणारी जमीन. आर्क्टिकमध्ये अशा उतारांवरून हिरवळीसकट वरचा थर सरकलेला दिसतो. नवख्या माणसाला ते पटत नाही, पण हा हिशेब केला की पटतं.

इथे ध्रुवीय जमिनीची एक खास रचना लक्षात घ्यायला हवी. हिमाचल किंवा नॉर्वेच्या दक्षिणेत जमीन वरून खाली एकाच दिशेने गोठते आणि खालून भूजल मिळत राहतं. ध्रुवीय भागात खाली पर्माफ्रॉस्ट असतो. शरद ऋतूत वरचा ॲक्टिव्ह लेयर, म्हणजे दर उन्हाळ्यात वितळणारा थर, दोन्ही बाजूंनी गोठतो: वरून थंड हवेमुळे आणि खालून पर्माफ्रॉस्टमुळे. पाणी दोन्ही टोकांकडे ओढलं जातं आणि मधला भाग कोरडा पडतो. शिवाय उन्हाळ्यात खाली झिरपलेलं पाणी पर्माफ्रॉस्टच्या माथ्यावर साचून गोठतं. परिणाम असा की ॲक्टिव्ह लेयरच्या लगेच खालचा थर अनेकदा बर्फाने गच्च असतो. सरासरी उन्हाळ्यात तो सुरक्षित राहतो. एखादा उन्हाळा नेहमीपेक्षा तापला आणि वितळण्याची रेषा फक्त पंधरा-वीस सेंटिमीटर खोल गेली की ती नेमकी या थरात घुसते. म्हणून "यंदा फक्त वीस सेंटिमीटरच जास्त वितळलं" हे वाक्य ऐकलं की मला धसका बसतो.

ही खोली मोजायची आमची पद्धत साधी आहे. ऑगस्टच्या शेवटी खुणा केलेली टोकदार सळई जमिनीत ढकलायची. मऊ माती वाट देत जाते, मग एका खोलीवर ठक्क असा आवाज येतो आणि मनगटाला झटका बसतो. तो पर्माफ्रॉस्ट. एका चौरस जागेत शेकडो वेळा असं टोचून नकाशा काढतात. सळई किती खोल गेली हे वहीत लिहितात, पण कशी गेली हेही लिहावं, असं मी सोबतच्या मुलांना सांगते. शेवटचे दहा सेंटिमीटर लोण्यात सुरी जावी तशी सळई गेली तर तिथे पाणी अडकलेलं आहे.

हे सगळं एकाच जागी पाहायचं असेल तर स्वालबार्डमधली क्वाडेहुकस्लेटा ही किनारपट्टी. भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र २००८ पासून ज्या नी-ऑलेसुंद वस्तीत आहे, त्याच द्वीपकल्पाच्या टोकाला. तिथे जमिनीवर दगडांची वर्तुळं आहेत, काही मीटर व्यासाची, एकाला एक लागून, कोणी मुद्दाम रचावीत इतकी रेखीव. ती रचली आहेत गोठण्या-वितळण्याने. बारीक माती मधोमध, दगड कडेला. वर्तुळात पाय ठेवायचा नसतो, ठसे राहतात. कडेवरच्या दगडांवर गुडघे टेकून मी सळई आधी दगडांच्या पट्ट्यात आणि मग मधल्या ओल्या मातीत टोचून पाहिली. पट्ट्यात ती दोन इंच जाईना. मध्ये दोन बोटांच्या जोरावर आत गेली. अंतर एक पाऊल, हवामान एकच, खडक एकच. आणि बेअरिंग कपॅसिटीच्या, म्हणजे भार पेलण्याच्या क्षमतेच्या, हिशेबाने दोन वेगळे देश. एका बोअरहोलवर अख्ख्या जागेचा अहवाल लिहिणाऱ्यांना मी हे फोटो दाखवते.

"ध्रुवीय माती" असा एकच प्रकार नसतो, हेही सांगायला हवं. अंटार्क्टिकातल्या शिरमाखर ओएसिसमध्ये आपलं मैत्री केंद्र १९८९ पासून उभं आहे आणि लार्समन हिल्समध्ये भारती २०१२ पासून. दोन्हीची सूत्रं गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून हलतात. या दोन्ही केंद्रांजवळची जमीन मुख्यतः खडक आणि त्यावरची भरड, कोरडी वाळू-खडी अशी. ओढायला बारीक कण नाहीत, ओढलं जायला पाणी नाही. त्यामुळे लेन्सचा त्रास तिथे कमी आणि वाऱ्याचा जास्त. मॅकमर्डो ड्राय व्हॅलीजमध्ये तर शून्याच्या कितीतरी खाली असूनही बर्फच नसलेली, भुसभुशीत माती सापडते. उलट टोकाला सायबेरिया-अलास्कातला येडोमा: हिमयुगात वाऱ्याने आणलेली सिल्ट, तिच्या घनफळाच्या निम्म्याहून जास्त बर्फ, मधूनमधून बर्फाच्या उभ्या पाचरी. अलास्कात फॉक्सजवळ १९६० च्या दशकात खोदलेल्या पर्माफ्रॉस्ट बोगद्यात त्या पाचरी भिंतीत दिसतात. ही माती हजारो वर्षांत एकदाही वितळलेली नाही. तिची पहिली फेरी अजून व्हायची आहे. ॲक्टिव्ह लेयरमधली माती मात्र हजारो फेऱ्या सोसून बसलेली असते, तिला तुमच्या दहा फेऱ्यांनी काही फरक पडत नाही. तुमचे नमुने कोणत्या मातीचे प्रतिनिधी आहेत हे आधी ठरवा. नव्याने दाबून केलेला नमुना भरावाचं प्रतिनिधित्व करतो, नैसर्गिक जमिनीचं नाही.

इमारती आणि रस्ते का खचतात, याचं उत्तर आता बरंचसं आलं आहे. बांधकाम जमिनीला ऊब देतं. इमारत खालून, रस्ता काळ्या पृष्ठभागाने, आणि भरावाच्या पायथ्याशी साचणारा भुसभुशीत बर्फ रजईसारखा. हिवाळ्याची थंडी आत जात नाही, पायथा आधी वितळतो आणि भरावाच्या कडेला लांबच लांब उभ्या भेगा पडतात. शेवाळाचा थर खरवडून काढणं ही तर सगळ्यात महागडी चूक. कोरडं शेवाळ उन्हाळ्यात ऊन अडवतं, आणि हिवाळ्यात ओलं होऊन गोठलं की थंडी आत सोडतं, कारण बर्फ पाण्याच्या जवळजवळ चौपट उष्णता वाहून नेतो. फुकटात मिळालेला असा रखवालदार कोणी हाकलू नये. कॅनडातला इनुविक ते टुक्टोयाक्टुक हा १३८ किलोमीटरचा रस्ता २०१७ मध्ये सुरू झाला. तिथे नेहमीसारखं खोदून-भरून काम केलंच नाही. हिवाळ्यात, गोठलेल्या जमिनीवर जिओटेक्स्टाइल (बांधकामातलं मजबूत कापड) अंथरून वर भराव टाकत गेले. पण हिवाळी भरावाचीही किंमत असते: गोठलेल्या ढेकळांवर रोलर कितीही फिरवा, मधल्या पोकळ्या राहतात आणि पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात रस्ता बसतो. ते गृहीत धरूनच देखभालीचे पैसे ठेवायला लागतात.

१९७७ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्स-अलास्का पाइपलाइनची लांबी सुमारे १,२८७ किलोमीटर, आणि तिचा निम्म्याहून जास्त भाग जमिनीच्या वर खांबांवर आहे, कारण गरम तेलाची नळी पुरली असती तर भोवतालची जमीन वितळली असती. सुमारे ७८,००० खांब आणि त्यांपैकी बहुतेकांत अमोनिया भरलेल्या नळ्या, एकूण सव्वा लाखाच्या आसपास. हिवाळ्यात अमोनिया खाली उकळतो, वर येऊन थंड हवेत द्रव होतो, पुन्हा खाली उतरतो आणि जमिनीतली उष्णता बाहेर टाकतो. उन्हाळ्यात आपोआप थांबतो. पंप नाही, वीज नाही. उलट बाजूचं उदाहरण लाँगिअरब्येनजवळचं बियाणांचं जागतिक भांडार. २०१६ च्या शरद ऋतूत पावसाचं आणि वितळलेलं पाणी त्याच्या प्रवेश-बोगद्यात शिरलं. बियाण्यांपर्यंत पोचलं नाही. बांधकामात उकरून पुन्हा भरलेली बोगद्याभोवतीची माती अपेक्षेप्रमाणे परत गोठलीच नव्हती. पुढे पाणी न शिरणारा नवा काँक्रीटचा बोगदा बांधावा लागला. एकदा उकरलेल्या पर्माफ्रॉस्टला "राहील तसाच" असं गृहीत धरायचं नसतं.

आता तुमचा फ्रीजर. मीही सुरुवातीला हेच केलं होतं. एका प्रयोगशाळेत सहा आठवडे खपून बारा नमुने पिशव्यांत घालून उणे वीसला गोठवले. चहूबाजूंनी थंडी लागल्यामुळे कवच आधी गोठलं, आतलं पाणी कोंडलं, मध्ये बर्फाचा गोळा झाला आणि नमुने पोटाशी फुगले. साध्या सपाट जमिनीत असं होत नाही. ते सगळे आकडे टाकून द्यावे लागले.

पिशवी बंद असते ही त्यातली मोठी चूक नाही. ध्रुवीय ॲक्टिव्ह लेयरलाही बाहेरून फारसं पाणी मिळत नाही, असलेलंच इकडून तिकडे जातं. चूक दिशेची आणि वेगाची आहे. नमुन्याच्या बाजूंना जाड थर्माकोल गुंडाळा, वर आणि खाली वेगवेगळ्या तापमानाच्या प्लेट बसवा, आणि गोठण्याची रेषा दिवसाला एक-दोन सेंटिमीटरपेक्षा वेगाने सरकू देऊ नका. नळीच्या आतून ग्रीस लावा, नाहीतर घर्षणाने माती वर यायला अडते. उंची निदान वीस सेंटिमीटर ठेवा, म्हणजे पाण्याला सरकायला जागा राहील. भरावाचा अभ्यास असेल तर तळाशी पाणी जोडा. नैसर्गिक जमिनीचा असेल तर तळाची प्लेटही शून्याखाली न्या आणि दोन्हीकडून गोठू द्या. उणे वीसची गरज नाही, उणे पाच पुरे. गोठलेला एक नमुना बळी देऊन दोन-दोन सेंटिमीटरच्या चकत्या कापा आणि प्रत्येकीचं पाणी वेगळं मोजा. सरासरी ओलावा लिहिलात तर पाणी कुठे गेलं ही खरी माहितीच पुसली जाते.

वितळवताना फक्त वरून वितळवा, तळ गोठलेला ठेवा. एक बारीक पोअर प्रेशर ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) नमुन्याच्या मध्यावर बसवा आणि दर मिनिटाला नोंद घ्या. ट्रायअॅक्सियल टेस्ट पहिल्या, तिसऱ्या आणि दहाव्या फेरीनंतर घ्या, अनड्रेन्ड, म्हणजे पाणी बाहेर जाऊ न देता, पोअर प्रेशर मोजत. पहिली फेरी कधीही वगळू नका. आणि वितळलेल्या नमुन्यांपैकी एक तरी ओडोमीटरमध्ये, म्हणजे भाराखाली मातीचं दबणं मोजणाऱ्या यंत्रात, घालून सीव्ही काढा, न गोठवलेल्या नमुन्याचाही काढा. तुमच्या वितळण्याच्या वेगाशी तो जोडून आर किती येतो ते पाहा. फटींमुळे वितळलेल्या नमुन्याचा सीव्ही बहुधा मोठा निघेल. किती पटींनी, हा आकडा तुमच्या मातीसाठी अजून कोणी मोजलेला नसेल, तर प्रोजेक्टचा विषय तोच ठेवा.